आडुतुरैची शंभर वर्षे

तामिळनाडूतल्या पापनाशमला लागून असलेल्या तिरुप्पालैत्तुरै येथे पालैवननाथाचे देऊळ आहे आणि तिथे विटांनी बांधलेले एक प्रचंड धान्यकोठार आजही उभे आहे. नायक राजांच्या काळात, १६०० ते १६३४ या वर्षांत ते बांधले गेले. उंची ३६ फूट, आणि तीन हजार कलम भात मावेल एवढी ऐसपैस जागा. कलम हे त्या मुलखाचे जुने धान्यमाप. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने ते संरक्षित स्मारक म्हणून जपले आहे. असे कोठार नुसत्या सुबत्तेतून उभे राहत नाही. यंदा भात ठेवायला जागा पुरत नाही आणि पुढच्या साली पेरायलाही उरेल की नाही याची खात्री नाही, अशी भीती पाहिलेल्या माणसांचेच हे बांधकाम असणार, असे मला वाटते.

पापनाशमहून रेल्वेने पूर्वेला निघाले की कुंभकोणम लागते, पुढे तिरुविडैमरुदूर आणि मग आडुतुरै. लहानसे गाव, पण भाताच्या जगात त्याचे नाव फार मोठे. पापनाशम तालुक्यातल्या ज्या शेतकऱ्याने आयुष्यात भात लावले, त्याने आडुतुरैचे एखादे तरी वाण लावलेच आहे. 'एडीटी' या तीन अक्षरांपुढे आकडा असलेली ही वाणे कावेरीच्या खोऱ्यातल्या बायाबापड्यांच्या तोंडी नुसत्या आकड्यांनी असतात. तिथल्या भात संशोधन संस्थेने शंभरी ओलांडली, त्या निमित्ताने तिची कहाणी मराठी वाचकांपुढे ठेवताना एक गोष्ट आधीच सांगतो. हा इतिहास अधिक पिकवण्याचा आहे हे खरेच. पण त्याहून अधिक तो पीक आणि पाणी यांची वेळ जुळवण्याचा आहे. ती वेळ आज मोडली आहे, म्हणून या संस्थेचे काम पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे.

आडुतुरैचे संशोधन केंद्र १९२२ साली मद्रास इलाख्याच्या शेती खात्याने काढले. त्याआधी दहा वर्षे, १९१२ साली, कोइम्बतूरला भात पैदास केंद्र सुरू झाले होते. तिथले पैदासकार पार्नेल यांनी १९२१ साली 'जीईबी २४' हे बारीक दाण्याचे, चवीचे वाण शेतकऱ्यांना दिले. पुढे देशोदेशीच्या कितीतरी वाणांच्या वंशावळीत ते सापडते. आपल्याकडे कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ चे. म्हणजे कर्जत आणि आडुतुरै ही साधारण एकाच पिढीची भावंडे. पण कोइम्बतूर कावेरीच्या खोऱ्यापासून लांब, तिथली जमीन वेगळी, पाणी वेगळे. खोऱ्याच्या चिखलात, खोऱ्याच्या पाण्यावर वाण तपासायचे तर केंद्र खोऱ्यातच हवे, हा त्यामागचा सरळ विचार होता आणि तो योग्यच होता.

सुरुवातीची कितीतरी वर्षे काम एकाच प्रकारचे होते. शेतकऱ्यांच्या खाचरांतून चांगल्या लोंब्या निवडायच्या, वेगवेगळ्या वाढवायच्या, त्यांतून पुन्हा निवडायच्या. हे काम समजायला खोऱ्यातले हंगाम समजून घ्यायला हवेत. कोकणातला शेतकरी हळवे, निमगरवे आणि गरवे भात ओळखतो; तंजावरचा शेतकरी कुरुवै, सांबा आणि ताळडी ओळखतो. कुरुवै जूनमध्ये लावायचे आणि सप्टेंबर संपता संपता कापायचे, ते हळवे. सांबा हे लांब मुदतीचे गरवे पीक, ऑगस्टपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत. कुरुवै काढून त्याच रानात दुसरे पीक घेतले तर ते ताळडी. या तिन्हींमागे दोन वेगवेगळे पाऊस आहेत. कुरुवैचे पाणी येते कोडगू आणि वायनाडच्या डोंगरांवर पडलेल्या नैर्ऋत्य मोसमी पावसाचे. सांबा-ताळडीला आधार असतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पूर्व किनाऱ्यावर पडणाऱ्या ईशान्य मोसमी पावसाचा. शेकडो किलोमीटर दूरच्या डोंगरातले रान आणि पापनाशमचे खाचर हे असे एकाच पाण्याने बांधलेले आहेत.

१९३४ साली कावेरीवरचे मेट्टूरचे धरण पुरे झाले आणि खोऱ्याच्या शेतीला तारीख मिळाली. ९३.४७ टीएमसी साठा. आणि १२ जूनला दरवाजे उघडायचे, असा प्रघात पडला. पाणी कल्लणैच्या बंधाऱ्याला पोचायचे, तिथून कावेरी, वेण्णार आणि कालव्यांत वाटले जायचे आणि कुडमुरुट्टीसारख्या फाट्यांतून पापनाशमच्या शिवारात उतरायचे. रोप कधी टाकायचे, चिखलणी कधी करायची, मजूर कधी सांगून ठेवायचे, सावकाराकडे कधी जायचे, हे सगळे त्या एका तारखेवर ठरू लागले. आडुतुरैचे संशोधनही त्याच तारखेवर उभे राहिले. १२ जूनच्या पाण्यावर लावलेले पीक ईशान्येचा पाऊस कोसळायच्या आत घरात यायला हवे असेल, तर ते किती दिवसांचे हवे? या प्रश्नाने संस्थेची पुढची चाळीस वर्षे व्यापली.

त्याचे सर्वांत गाजलेले उत्तर म्हणजे 'एडीटी २७'. त्याची कथा कटकपासून सुरू होते. १९४६ साली स्थापन झालेल्या कटकच्या मध्यवर्ती भात संशोधन संस्थेत के. रामय्या यांच्या पुढाकाराने भारतीय आणि जपानी भातांचा संकर करण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला गेला. आपले वाण खत जास्त झाले की उंच वाढून आडवे पडते. जपानी भात मात्र ठेंगणे राहून खताचे दाणे करते. दोघांचे गुण एकत्र आणायचे, हा हेतू. या कामात १९५४ साली एक तरुण शास्त्रज्ञ सामील झाला. कुंभकोणमला ७ ऑगस्ट १९२५ रोजी जन्मलेला, पापनाशमच्या शेजारचाच म्हणायला हवा. तो शास्त्रज्ञ म्हणजे एम. एस. स्वामिनाथन. कटकच्या संकरांचे बियाणे ठिकठिकाणच्या केंद्रांकडे निवडीसाठी गेले, तसे आडुतुरैलाही आले. जपानी 'नोरिन १०' आणि कोइम्बतूरचे 'जीईबी २४' यांच्या संकरातून निवडत निवडत आडुतुरैने जे वाण काढले, ते १९६५ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आले. ('नोरिन १०' याच नावाचे जपानी गव्हाचे वाणही प्रसिद्ध आहे, ते वेगळे.) मुदत सुमारे १०५ दिवस, म्हणजे कुरुवैला नेमकी बसणारी. तंजावर जिल्हा १९६०-६१ पासूनच सधन शेती कार्यक्रमाच्या पहिल्या सात जिल्ह्यांत होता. खत, कर्ज आणि ग्रामसेवकांची फळी तयारच होती. दोनतीन हंगामांत हे वाण खोऱ्यात सगळीकडे झाले. हरितक्रांती म्हटली की आपल्याला पंजाबचा गहू आठवतो. पण तंजावरच्या भाताने त्याच वर्षांत स्वतःची वाट काढली होती.

स्मरणिकेत गौरवच लिहायचा असा रिवाज असला, तरी या जागी एक गोष्ट वगळून पुढे जाणे मला पटत नाही. उत्पन्न वाढले, जमीनमालकाचे घर भरले, पण चिखलात वाकून लावणी करणाऱ्याच्या मजुरीचा प्रश्न तसाच राहिला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात ४४ दलित माणसांना एका झोपडीत जाळून मारले गेले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. वाद मजुरीचा आणि मजुरांच्या संघटनेचा होता. त्याचा दोष कुठल्या भाताच्या वाणाला देता येत नाही. पण वाण शेतात गेल्यावर त्याचा लाभ कोणाला होतो हे पाहणे संशोधनाच्या कक्षेबाहेरचे आहे, असे त्या वर्षानंतर कोणी म्हणू नये.

१९७१ साली तामिळनाडू कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि आडुतुरै त्याच्या छत्राखाली गेले. १९८५ मध्ये केंद्राचा दर्जा वाढून ते तामिळनाडू भात संशोधन संस्था झाले. या काळातली वाणे एकापाठोपाठ एक मोजत बसण्याचे कारण नाही. 'एडीटी ३७' हे आखूड, जाड दाण्याचे, इडलीसाठी लोकांनी उचललेले. 'एडीटी ४३' बारीक दाण्याचे, बाजारात भाव मिळवणारे. दोन्ही हळवी, दोन्ही आजही लोकांच्या तोंडी आहेत.

भाताइतकेच मोल मी संस्थेच्या उडदाला देतो, त्याकडे बाहेरच्यांचे लक्ष सहसा जात नाही. सांबा किंवा ताळडीचे भात कापणीला आले की कापणीच्या आठदहा दिवस आधी उभ्या पिकातच उडीद फोकून देतात. जमीन तेव्हा नुसती ओली, मेणासारखी मऊ असते; पाणी साचलेले नको आणि भेगाही पडलेल्या नकोत. भाताच्या सावलीत उडीद रुजतो, भात कापले की उघड्यावर येतो आणि मागे राहिलेल्या ओलाव्यावर व पहाटेच्या दहिवरावर सव्वादोन महिन्यांत शेंगा धरतो. नांगरट नाही, पाणी नाही. आडुतुरैचा 'एडीटी ३' उडीद याच रीतीसाठी घडवला गेला आणि खोऱ्यात टिकला. आता कापणी यंत्राने होते. यंत्राची चाके कोवळी रोपे चिरडतात आणि ओल्या जमिनीत खोल चाकोऱ्या पाडतात. मजूर मिळत नाहीत म्हणून यंत्र आले, ते परत जाणार नाही. तेव्हा उडदाची ही जुनी रीत यंत्राबरोबर कशी नांदवायची, हा संस्थेपुढचा साधा दिसणारा पण कठीण प्रश्न आहे.

हवामानबदलाचा अनुभव खोऱ्याला मेट्टूरच्या तारखांत येऊ लागला. २०१२ साली दरवाजे उघडले ते १७ सप्टेंबरला. २०१६ साली २० सप्टेंबरला, २०१७ साली २ ऑक्टोबरला. २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षे १२ जून हुकला. मग २०२० मध्ये तो साधला, आणि २०२२ मध्ये तर पाणी २४ मेलाच सोडले गेले. स्वातंत्र्यानंतर मे महिन्यात असे कधी झाले नव्हते. २०२४ मध्ये पुन्हा २८ जुलै. यातला काही भाग कर्नाटकाशी चाललेल्या पाणीवाटपाच्या तंट्याचा आहे. लवादाचा निवाडा २००७ चा. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी तामिळनाडूच्या वाट्याला १७७.२५ टीएमसी पाणी ठरवून दिले. पण न्यायालय आहे त्या पाण्याची वाटणी करू शकते, डोंगरात पाऊस पाडू शकत नाही. २०१६ साली नैर्ऋत्येचा पाऊस वरच्या खोऱ्यात कमी पडला आणि पाठोपाठ ईशान्येच्या पावसानेही दगा दिला. दोन्ही आधार एकाच वर्षी सुटले. त्या सांब्याचे काय झाले, हे पापनाशमच्या माणसाला सांगावे लागत नाही.

सरकारी संशोधन हवामानबदलाकडे वळले ते दोन वाटांनी. तामिळनाडू कृषी विद्यापीठाने नॉर्वेच्या बायोफोर्स्क संस्थेबरोबर कावेरी खोऱ्यासाठी 'क्लायमाराइस' प्रकल्प चालवला. बदलत्या हवामानात इथल्या भाताचे काय होईल, शेतकरी काय करू शकतील, हा त्याचा विषय. आणि २०११ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने हवामानबदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठी 'निक्रा' हा देशव्यापी उपक्रम सुरू केला, ज्याचे सूत्रचालन हैदराबादच्या कोरडवाहू शेती संस्थेकडे आहे. महाराष्ट्रात बारामतीजवळ माळेगावला २००९ साली अजैविक ताणावरची राष्ट्रीय संस्था निघाली, तीही याच चिंतेतून.

उष्णता भाताला कुठे मारते, हे एकदा जवळून पाहायला हवे. निसवलेल्या लोंबीतले एकेक फूल सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास तास-सव्वातास उघडते. परागकोश फुटतात, पराग खाली पडतात, तूस पुन्हा मिटते. हा एक तास चुकला की ते फूल कायमचे रिकामे. त्या तासाला हवा ३५ अंशांच्या वर गेली तर पराग निकामी होतात. शेत लांबून हिरवेगार दिसते, मळणीला मात्र हाती पळिंज येते. कुरुवै ऑगस्टच्या उन्हात फुलते, म्हणून त्याला हा धोका अधिक. रात्रीची ऊबही निरुपद्रवी नाही. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संस्थेने आपल्या शेतावरच्या नोंदींवरून २००४ साली दाखवले की कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान एका अंशाने चढले तर उत्पन्न सुमारे दहा टक्क्यांनी उतरते. अशा निष्कर्षासाठी एकाच शेतावर वर्षानुवर्षे, न चुकता घेतलेल्या नोंदी लागतात. आडुतुरैसारखे केंद्र एकाच गावात शंभर वर्षे राहण्याचे महत्त्व इथे कळते.

पुराचे उत्तर काही अंशी मिळाले आहे. भात पाण्याखाली गेले की साधे वाण जीव वाचवायला भराभर उंच होते, साठवलेले पिष्ट त्यात संपवते आणि पाणी ओसरल्यावर कोलमडते. ओडिशाच्या 'एफआर १३ए' या जुन्या वाणात मात्र असा गुण सापडला की रोप पाण्याखाली वाढ थांबवते, शक्ती राखून ठेवते आणि पाणी उतरल्यावर नव्याने फुटते. हा 'सब १' जनुक खोऱ्याच्या आवडत्या गरव्या 'सीआर १००९' या वाणात आणला गेला. असे भात दोन आठवड्यांच्या आसपास पाण्याखाली तग धरू शकते. सांब्याच्या कोवळ्या रोपाला नोव्हेंबरच्या पुरात हा मोठाच आधार आहे. पण पाऊस जर फेब्रुवारीत आला तर? २०२३ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो आला, आणि कापणीला उभा असलेला सांबा आडवा झाला. तिथे कुठलाच जनुक उपयोगी नव्हता. सरकारी खरेदी केंद्रावर भातात १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. भिजलेल्या भातासाठी सवलत दिल्लीकडे मागावी लागते आणि तोवर रास अंगणात कोंबाळते. बियाण्यावर जितका खर्च होतो, त्याचा थोडा भाग तरी गावोगावच्या खळ्यांवर, वाळवणी यंत्रांवर आणि गोदामांवर व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१८ या एका वर्षात या खोऱ्याने सगळेच पाहिले. फेब्रुवारीत न्यायालयाचा निकाल. ऑगस्टमध्ये कोडगूत दरडी कोसळल्या, मेट्टूर भरून वाहिले आणि २२ ऑगस्टच्या रात्री मुक्कोम्बूच्या १८३६ सालच्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे कोल्लिडम या कावेरीच्या फाट्याच्या लोंढ्यात वाहून गेले. इतके पाणी समुद्राला मिळाले आणि शेपटाकडच्या कालव्यांत मात्र पुरेसे पोचले नाही. १६ नोव्हेंबरला 'गजा' चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळले. पट्टुक्कोट्टै आणि पेरावूरणीच्या पट्ट्यात नारळाच्या बागा उभ्याच्या उभ्या झोपल्या. भात पुन्हा पुढच्या हंगामात लावता येते. उंच जातीचा नारळ धरायला सहाआठ वर्षे जातात. त्याच पट्ट्यात वेप्पंकुळमला विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे. वाऱ्यापुढे कोणती झाडे टिकली याच्या अभ्यासाचे महत्त्व त्या वर्षानंतर कोणाला शिकवावे लागले नाही.

खोऱ्यात दाट अरण्य नाही, पण मुत्तुपेट्टैची खारफुटी आहे. तिथे मुख्य झाड तिवराचे. कावेरीचे गोडे पाणी टोकापर्यंत कमी पोचू लागले तशी तिथल्या चिखलाचा खारटपणा वाढला, आणि जुन्या तोडीने उघड्या पडलेल्या जागी रोप धरेना. वनखात्याने माशाच्या काट्यासारखे चर खणून भरती-ओहोटीचे पाणी आत खेळवले, तेव्हा तिवर पुन्हा उभे राहू लागले. 'गजा'ने त्यालाही झोडपले. कोइम्बतूरला १९८८ साली निघालेली केंद्र सरकारची वनअनुवंशशास्त्र संस्था सुरूच्या झाडावर काम करते. किनाऱ्याचे शेतकरी सुरू लाकडासाठी लावतात, आणि वारा अडवण्यासाठी सुरूचे खास वाणही तिने निवडून दिले आहेत. भाताचे संशोधन एका खात्यात, नारळाचे दुसऱ्या केंद्रात, सुरूचे तिसऱ्या संस्थेत. खारे पाणी मात्र तिवरातून सुरूत आणि सुरूतून खाचरात एकाच वाटेने येते. या संस्थांनी एकत्र बसायला हवे.

भातशेती हवामानाचा मार खाते, तशी त्यात भरही घालते. साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात हवा नसते, तिथले जीवाणू मिथेन वायू करतात. उपाय आहे, आणि स्वस्त आहे. भोके पाडलेला फूटभर लांबीचा प्लास्टिकचा नळ खाचरात पुरायचा, आतली माती काढायची आणि डोकावून पाहायचे. पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरेपर्यंत पुन्हा पाणी द्यायचे नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत मात्र तुटवडा होऊ द्यायचा नाही. पाणी वाचते, मिथेन बराच घटतो, उत्पन्न उतरत नाही. पण कालव्याला पाळी कधी येईल याचा भरवसा नसलेला शेतकरी आलेले पाणी सोडणार कसा? त्यासाठी पाटबंधारे खात्याने पाळीची तारीख पाळायला हवी.

संस्थेच्या टीकाकारांचाही या इतिहासात वाटा आहे. तंजावरच्या इळंगाडूचे जी. नम्माळवार १९६० च्या दशकात कोविलपट्टीच्या सरकारी शेती संशोधन केंद्रात होते. रासायनिक खतांचा मार्ग पटेना म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि २०१३ मध्ये मरेपर्यंत सेंद्रिय शेतीसाठी खोरे पालथे घातले. त्यांचे सहकारी 'नेल' जयरामन यांनी तिरुत्तुरैपूंडीजवळच्या आदिरेंगमला माप्पिळ्ळै सांबा, काट्टुयानम अशी कितीतरी जुनी वाणे गोळा केली आणि शेतकऱ्यांत वाटली. यांतली काही उंच वाणे पाण्यात आणि दुष्काळात तग धरतात. 'सब १' जनुकही अशाच एका जुन्या वाणातून आला हे लक्षात घेतले, तर पैदासकाराने आणि बियाणे जपणाऱ्याने एकमेकांना परके मानण्याचे कारण उरत नाही.

शेवटी मराठी वाचकांना एक विनंती. तंजावरवर १८५५ पर्यंत मराठी राज्य होते, आणि त्या दरबाराची मोडी दफ्तरे आज सरस्वती महाल ग्रंथालयात व तंजावरच्या तमिळ विद्यापीठात आहेत. धान्याचे, देवळांचे, छत्रांचे हिशेब त्यांत आहेत. हिशेब असतो तिथे तारीख असते, धान्याचा भाव असतो आणि पिकाची खबरही असते. आडुतुरैच्या नोंदी शंभर वर्षांच्या. या कागदांतून त्या आणखी मागे नेता आल्या, तर कावेरी पूर्वी कधी आणि किती चुकली हे कळायला मदत होईल. तमिळ शास्त्रज्ञाला मोडी येत नाही आणि मोडी वाचणारी माणसे आता थोडी उरली आहेत. ज्यांना येते त्यांनी तंजावरला जाऊन हे काम हाती घ्यावे.